झाडेकाका आणि माणिकरावांचा स्क्रीन

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरात शिरायचं असलं, की आमचे झाडेकाका आधी चपला काढतात. बसलेले असतात स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच खुर्चीवर. शिरायचं असतं ते नागपूरच्या भाच्याच्या मशीनमध्ये. तरी चपला खुर्चीखाली जोडून ठेवल्या जातात, चष्मा पुसला जातो आणि फोनवर विचारलं जातं, "येऊ काय?" भाच्यानं परवानगीचं बटण दाबलेलं असलं तरी तो तोंडानं "या" म्हणेपर्यंत काका माउसला हात लावत नाहीत. बटण वेगळं, "या" वेगळं.

सिंदी रेल्वे या गावात आमचं घर त्यांच्यापासून तिसरं. तरीही माझा कॉम्प्युटर बिघडला की काका चालत येत नाहीत, आपल्या खुर्चीवरूनच येतात. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "तुह्या घरी आलो का तुही बायको चहा मांडते, मंग बसा लागते. अठून आलो का काम करून निघता येते." मध्येच माझ्या मुलीच्या वाढदिवसाचे फोटो उघडे सापडले, तर फोनवरून सूचना येते, "मी तिकडं पाहून राह्यलो, तू हे बंद कर." तिकडं म्हणजे त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.

वर्ध्याच्या एका कॉलेजात काकांनी कॉम्प्युटर लॅब सांभाळली. तिथून रिटायर झाले, पण बिघाड काढायची सवय काही गेली नाही. अट एकच, आपला बिघाड तोंडानं सांगायचा नाही. "सांगू नको, दाखव," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लोकांना दिसतं एक आणि ते सांगतात दुसरंच, असा त्यांचा अनुभव.

त्यांचे मित्र माणिकराव थूल त्याच कॉलेजच्या ऑफिसात होते. दोघंही सिंदीचेच. तीस वर्षं एकाच गाडीनं वर्ध्याला गेले आणि एकाच गाडीनं परत आले. रिटायर झाल्यावर रोज दुपारी चारला माणिकरावांच्या ओसरीवर बसायचे. पुढं माणिकरावांचे गुडघे गेले आणि मुलानं त्यांना पुण्याला नेलं. झाडेकाकू तर आधीच वारल्या होत्या. काकांची दुपार रिकामी झाली.

मुलानं माणिकरावांना एक कॉम्प्युटर घेऊन दिला आणि तो रोज बिघडू लागला. कधी अक्षरं भोपळ्याएवढी व्हायची, कधी स्क्रीनवरची सगळी चिन्हं नाहीशी व्हायची. चार वाजता काका फोन लावायचे. "येऊ काय?" "ये गा, ये." मग काका सिंदीहून पुण्यात शिरायचे.

मुलगा कॉम्प्युटरच्याच कंपनीत. एके दिवशी त्यानं घरात नवीन फायरवॉल बसवली. बाहेरून येणारं काहीही आता आत घ्यायचं नाही, असा तिचा कायदा. झाडेकाकाही बाहेरूनच येणारे. तीन दिवस त्यांनी जोडणी लावून पाहिली आणि चौथ्या दिवशी मला गंभीरपणे सांगितलं, "माणिकच्या घरी मले बंदी झाली."

मी म्हटलं, एखादं तयार ॲप टाका, त्यात दोन्हीकडची माणसं मधल्या कंपनीमार्फत जोडली जातात. काकांना ते पटलं नाही. दोघांच्या मध्ये तिसऱ्याचं घर कशाला, म्हणाले.

शेवटी त्यांनी मुलालाच फोन केला. पोरगा सज्जन. त्यानं समजावून सांगितलं, की काका, बाहेरून कुणी येऊ शकणार नाही. आतून मात्र बाहेर जाता येतं. काका रात्रभर त्यावर विचार करत असावेत, कारण सकाळी मी सावंगीला कामावर निघालो तेव्हा ते फाटकातच उभे होते.

"मी जाऊ नाई शकत," ते म्हणाले. "पण तो मले बोलावू शकते."

उपाय साधा होता. काकांचं मशीन नुसतं कान देऊन बसणार. माणिकराव पुण्यातून बटण दाबून त्याला हाक घालणार. हाक आतून निघालेली, म्हणून फायरवॉल अडवणार नाही. आणि एकदा जोडणी झाली, की स्क्रीन पूर्वीसारखाच दिसणार. मुलानं परवानगी दिली. काकांनी आपल्या इकडच्या इंटरनेटच्या डब्यात त्या हाकेपुरती वाट मोकळी केली.

अडचण अशी, की ते बटण कुठं आहे हे माणिकरावांना न पाहता फोनवर सांगायचं होतं. काकांनी जन्मभर लोकांना जे करू दिलं नाही, तेच आता त्यांना करावं लागलं. सुट्टीच्या एका दुपारी मी शेजारी बसून ऐकत होतो, फोन स्पीकरवर होता.

"उजव्या कोपऱ्यात घड्याळ दिसते?"

"दिसते."

"त्याच्या खाली काय हाय?"

"टेबल."

माणिकराव भिंतीवरचं घड्याळ पाहत होते. असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी काकांच्या स्क्रीनवर एक खिडकी उघडली आणि तिच्यात माणिकरावांचा स्क्रीन दिसला, त्यावर लावलेल्या फोटोत नातू हसत होता, मागं पुण्याची कुठलीशी बाग. काका खुर्चीत नीट सावरून बसले.

तेव्हापासून सुरुवात माणिकरावांच्या हाती गेली. काका साडेतीनलाच मशीन लावून बसत. हाकेला उशीर झाला तरी ते फोन करत नसत. एकदा पाच दिवस काहीच आलं नाही. सहाव्या दिवशी न राहवून मीच फोन केला, तर माणिकरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. काकांना सांगितलं. "बरं झालं, कळलं," एवढंच म्हणाले. त्या पाचही दिवशी सहाला मी कामावरून परतताना ते खुर्चीवरच बसलेले मला त्यांच्या घराच्या खिडकीतून दिसले होते.

मागच्या शनिवारी मला सुट्टी होती. काकांकडे बसलो होतो. चारला दहा मिनिटं कमी असतानाच पुण्याची खिडकी उघडली. एरवी आधी येणारा फोन मात्र आला नव्हता. माणिकरावांनी चुकून बटण आधी दाबलं होतं आणि आपण दिसतो आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं. आमच्या डोळ्यांदेखत माउसचा बाण हलला. त्यानं एकेक चिन्ह उचललं आणि एका फोल्डरात नेऊन लपवलं. मग अक्षरं भोपळ्याएवढी केली. हात सराईत होता, कुठं अडखळला नाही. मग फोन वाजला.

"झाड्या, आज पुन्हा सगळं गायब झालं गा. मी तं हातई नाई लावला."

मला हसू येत होतं. काकांनी हात वर करून मला थांबवलं.

"हो काय? थांब, पाहतो," ते म्हणाले.

दोन मिनिटांच्या कामाला त्यांनी पाऊण तास लावला. एक चिन्ह परत आणलं, गुडघ्यांची चौकशी केली. दुसरं आणलं, डोळ्यात औषध कोण टाकते ते विचारलं. सगळं जागेवर आल्यावर माणिकरावांनी समाधानानं फोन ठेवला.

मी विचारलं, "काका, तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"पह्यल्या दिवसापासून." त्यांनी चष्मा काढला. "लॅबमधी लागलो तवा मले माउस धरता येत नव्हता. यानंच शिकवलं सारं. रोज ऑफिस सुटल्यावर थांबे माह्यासाठी."

फोन ठेवला होता, पण खिडकी उघडीच होती. काकांनी ती बंद केली नाही. बाण मधोमध थांबलेला, नातू हसत होता. पाच वाजले तरी पुण्यातूनही ती कुणी बंद केली नव्हती.