न दिसण्याचे पेढे

मुलगा टीव्हीवर दिसला नाही म्हणून पेढे वाटणारा बाप मी जगात एकच पाहिलाय. आमचे लंडनच्या हॅरोतले शेजारी, टेंबेकाका.

मी तेव्हा पुण्याहून वर्क व्हिसावर नवाच आलो होतो. अमेरिकन टेप चालणारा व्हीसीआर आख्ख्या रस्त्यात माझ्याकडेच आहे, हे काकांनी आठवड्याभरात हुडकून काढलं. त्यांचा निखिल अमेरिकेतल्या कॉलेजकडून तिकडचं ते फुटबॉल खेळायचा, ज्यात पाय सोडून बाकी सगळं वापरतात. शाळेत असताना पळण्यात पहिला यायचा, कुणा कोचच्या नजरेत भरला आणि अठराव्या वर्षी स्कॉलरशिपवर गेला. तिकडून टेप आली की काका माझ्या दारात हजर.

पहिल्या टेपला मी तासभर डोळे ताणून बघितलं, निखिल कुठे दिसेना. मी आपलं सांत्वनाचं काहीतरी पुटपुटलो, तर काकांनी पिशवीतून पेढ्यांचा डबा काढला.

"म्हणजे बघ हं," ते म्हणाले. हे त्यांचं पालुपद. ते आलं की आपला अर्धा तास गेला.

तर निखिल म्हणे डिफेन्सिव्ह बॅक. समोरच्यांचा जो बॉल झेलणारा गडी, त्याला चिकटून पळायचं, तेही सुरुवातीला उलट्या पावली, आणि त्याला बॉल मिळू द्यायचा नाही. हा असा काही चिकटतो की त्या बाजूला बॉल टाकायची कुणाची छाती होत नाही. कॅमेरा बिचारा बॉलच्या मागे. मग निखिल दिसणार कसा? जितका चांगला खेळेल तितका कमी दिसेल. घे पेढा.

उलट्या पावलांचं प्रात्यक्षिक त्यांनी मला हाय रोडवर दिलं. डोक्याला माकडटोपी, हातात मेथीची जुडी, आणि रिटायर्ड माणूस पेव्हमेंटवरून उलटा पळतोय. मागून येणाऱ्या एका बेनच्या ट्रॉलीवर आदळलेच. बेन गुजरातीतून बोलल्या ते बोलल्या, काकांनी त्यांना मराठीतून सगळा खेळ समजावला.

फोनलाही हाच न्याय. निखिलचा फोन आला नाही की म्हणायचे, मजेत असणार. काकू गेल्यापासून घरात ते एकटेच, आणि पोरगा तीन वर्षांत हॅरोला फिरकला नव्हता. मी एकदा विषय काढला तर माझ्यावरच उखडले. सुट्टीतही ट्रेनिंग असतं, प्रो होणं म्हणजे काय गंमत आहे का?

एप्रिलात प्रो टीम्स कॉलेजातली पोरं निवडतात. दोन दिवस एकेक नाव पुकारतात. काका दोन्ही दिवस माझ्या कम्प्युटरसमोर बसून होते. निखिलचं नाव आलं नाही. आता यावरही पेढे काढतात की काय, अशी मला धास्ती. पण डबा पिशवीतच राहिला. मग एका टीमने त्याला निवडीबाहेरून सराव शिबिराला बोलावलं, शिबिरानंतर काढून टाकलं, आणि पुन्हा नुसतं सरावापुरतं ठेवून घेतलं. या बातम्या मला कुंपणावरून मिळायच्या. नोव्हेंबरात टीममधलं कुणीतरी जखमी झालं आणि निखिलला मैदानात उतरवायचं ठरलं. मॅच आमच्या टीव्हीवर, रविवारी संध्याकाळी सहाला.

काका पाचलाच आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात डबा.

नवखा गडी बघून समोरच्यांनी पहिल्यापासून त्याच्याच बाजूला बॉल टाकायला घेतले. एकदा डोक्यावरून गेला. एकदा निखिल घसरून पडला आणि त्याच्या नाकासमोरून गडी बॉल घेऊन पार रेषेपलीकडे. कॉमेंटेटर सारखा 'टेम्बी, टेम्बी' करत होता. मला बघवेना, आणि काकांकडे बघायचीही सोय नव्हती.

शेवटी कॅमेऱ्याने बाकावर बसलेला निखिल अगदी जवळून दाखवला, हेल्मेट काढलेला. काका उठले आणि टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

"वाळलाय रे," ते म्हणाले. "हनुवटी अगदी हिच्यासारखी झालीये."

मॅच हरले. पुढच्या आठवड्यात निखिलला ठेवतील की नाही, देव जाणे. मी टीव्ही बंद केला आणि वळून बघतो तो काकांनी डबा पुढे केलेला. मला काही कळेना. म्हटलं, "काका, आज तर तो सारखाच दिसला."

"अकरा वेळा," चष्मा पुसत काका म्हणाले. "मोजलं मी. घे, दोन घे."