कमळाचा उपास

गोमाजीच्या परसातल्या तळ्यात कमळं सोडून बाकी सगळं उगवत होतं. शेवाळ उगवलं, लव्हाळा उगवला, बेडकांचा तर गोतावळाच नांदायला आला. पानंही आली होती, चांगली सुपाएवढाली. फुलाचा मात्र पत्ता नव्हता. गोमाजी रोज सकाळी राखुंडीनं दात घासत काठावर उकिडवा बसायचा आणि पाण्यात डोकावायचा. त्याची बायको ठमाबाई मागच्या दारातून विचारायची, "काय वो, आज तरी बेडूक फुलला का?"

तळं म्हणजे तरी काय, डोंगरातून येणाऱ्या पऱ्ह्याचं पाणी वळवून खणलेला खड्डा. पण त्यात मुंबईहून आणलेला कमळाचा कांदा होता. गोमाजीची उभी जवानी मलबार हिलवर एका साहेबाच्या फाटकाशी पहारा करण्यात गेली होती. साहेबाच्या बागेत तळं होतं, तळ्यात तांबडी कमळं होती आणि ती फाटकातून दिसायची. एवढ्या भांडवलावर गोमाजी कमळांतला जाणकार झाला होता. नोकरी सुटली तेव्हा माळ्याच्या हातापाया पडून त्यानं एक कांदा मिळवला, ओल्या गोणपाटात बांधला आणि बोटीनं दासगाव, तिथून महाड, महाडाहून पोलादपुराकडली आपली वाडी, असा सगळा प्रवास तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेऊन केला.

हा आटापिटा उगाच नव्हता. वाडीच्या देवीला नवरात्रात रोज एका घराची माळ असते. सातवी माळ गोमाजीच्या घराची. त्याच्या बापानं ती हयातभर घातली. बाप वारला तेव्हा गोमाजी मुंबईला, म्हणून चुलतभाऊ भागोजी ती घालू लागला. आता गोमाजी परत आला आणि म्हणाला, माझी माळ मला द्या. भागोजी म्हणाला, देवीला आता माझ्या झेंडूची सवय झाली. बापाची माळ दुसऱ्याच्या हातून देवीच्या गळ्यात पडताना बघायची, हे गोमाजीच्या जिवाला फार लागलं होतं.

गावकी बसली. शब्दाला शब्द वाढला आणि गोमाजीच्या तोंडून निघून गेलं, "झेंडू काय, उकिरड्यावर पन येतो! मी माळेत कमळ घालीन, कमळ!"

गावकीचा म्होरक्या रावजी पानाची पिंक टाकून म्हणाला, "ठरलं तर. सातव्या माळेला कमळ आनलंस, तर माळ कायमची तुझी. नाय आनलंस, तर परत तिचं नाव काढायचं नाय."

झालं! आता कमळाला फुलवणं आलं. साहेबाचा माळी चिखलात कसलं तरी खत कोंबायचा, हे गोमाजीनं पाहिलं होतं. कसलं, ते फाटकातून दिसत नव्हतं. त्यानं शेण घातलं, तर पाणी हिरवंगार झालं. राख घातली, तर बेडकांचे आवाज बसले. अखेर भाद्रपदात महाडचा हारूनशेठ मीठ नि सुकी मासळी घेऊन गाडीनं आला, तेव्हा गोमाजीनं त्याला हाताला धरून तळ्याशी नेलं.

"आमच्याकडं माडाला खराब झालेला जवळा घालतात," हारूनशेठ म्हणाला. "माड कसा दनकून धरतो! मूठभर घे, फडक्यात बांध नि मुळाशी चिखलात दाब. पन मूठभरच हां, गोमाजी."

गोमाजीनं मनाशी हिशेब केला. मूठभर माडाला ठीक, पण हे पडलं साहेबाचं कमळ. त्याला मूठभरानं काय होतंय? त्यानं पावसात भिजून वाया गेलेला जवळा अर्धं पोतं भरून उतरवून घेतला, ठमाबाईचं एक लुगडं फाडून पुरचुंड्या बांधल्या आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून सगळ्या चिखलात खुपसल्या.

"माझं लुगडं!" ठमाबाई ओरडली.

"देवीच्या कामाला लागलं गो."

"व्हय तर! देवी नेसून बसलीय ना चिखलात!"

पण काय सांगावं, मात्रा लागू पडली! घट बसायच्या आदल्या दिवशी पाण्याखाली बोराएवढी कळी दिसली. गोमाजीच्या डोळ्यांना टचकन पाणी आलं. त्यानं ठमाबाईला हाक मारली तीसुद्धा हळूच, कळीला दृष्ट लागेल म्हणून.

दृष्ट नाही, ऊन लागलं. पाऊस उघडला, आश्विनातलं ऊन तळ्यावर तापलं आणि पाण्याखाली पुरचुंड्या फुगून एकेक फुटायला लागल्या. आधी वाडीतली मांजरं कुंपणावर येऊन बसली. मग कावळे आले. मग वास निघाला तो थेट देवळापर्यंत पोचला. आणि घट बसले की वाडीत मासळी शिजणं सोडा, तिचं नावसुद्धा कुणी घेत नाही!

"दादा, नवरात्रात जवळा?" भागोजी गावकी घेऊनच दारात आला. "नि असल्या हातांनी देवीला माळ घालनार तू?"

गोमाजी दाराआड सरकला. ठमाबाई मात्र पदर खोचून पुढं झाली. "या, हुंगा! चूल हुंगा, तवा हुंगा, मडकी हुंगा! नि तेवढ्यानं भागत नसंल तर माझं तोंड हुंगा!"

रावजी दोन पावलं मागं सरला. चुलीपाशी काहीच सापडलं नाही. एवढ्यात परसाकडून वाऱ्याची झुळूक आली आणि सगळी गावकी नाकाला उपरणं लावून तळ्याशी पोचली. गोमाजीला सगळं कबूल करावं लागलं.

"पन आमी नाय खाल्ला," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "कमळानं खाल्ला."

"म्हंजे उपास कमळानं मोडला!" भागोजीनं धरलंच.

"त्यानं घट बसायच्या आधी खाल्ला!"

"मंग वास आत्ता कसा?"

"पचला नसंल," रावजी गंभीरपणे म्हणाला.

"आन देवीला तरी मासळीचं वावडं कुठं हाय?" ठमाबाई मधे पडली. "दसऱ्याला अख्खा बकरा घेते ती!"

"दसऱ्याला घेते. सातव्या माळेला नाय," भागोजी म्हणाला. असल्या पेचात वाडी जे करते तेच ठरलं: देवीलाच कौल लावायचा.

सातव्या दिवशी सकाळी कमळ फुललं. तांबडं लाल, तळहाताएवढं. गोमाजीनं आंघोळ करून ते खुडलं, पुनःपुन्हा धुतलं आणि तांब्यात घालून देवळात नेलं; माळेची बाकी फुलं ठमाबाईनं परडीत घेतली. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना कौलाची एकेक ओली कळी चिकटवली. उजवी पडली तर माळ गोमाजीची, डावी पडली तर भागोजीची.

देवी काही बोलेना. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, परत घातलं. लोक मांडी बदलून बसले. ऊन देवळाच्या पायरीवरून आत सरकलं. ठमाबाईनं तांब्यात डोकावून नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"अवो, पाकळ्या आत याया लागल्यात."

गोमाजीनं पाहिलं आणि तांब्या घाईघाईनं सावलीत ओढला. हे कमळ सकाळी उमलतं नि दुपारपर्यंत मिटतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. दुपारच्याला साहेबाच्या फाटकाशी तो स्वतःच पेंगत असायचा.

"मिटलं तर मी त्याला कमळ म्हननार नाय," रावजीनं आधीच बजावलं. "कळी ती कळी."

इतक्यात उजवी कळी टपकन खाली पडली. घंटा वाजली, ठमाबाईनं देवीला दंडवत घातला, भागोजीनं मान खाली घातली.

"चल गोमाजी, बांध माळ," गुरव म्हणाला.

गोमाजीनं दोरा हातात घेतला आणि मग त्याला उमगलं, की आपण जन्मात कधी माळ बांधलेलीच नाही! पहिली गाठ सुटली. दुसरी बसली ती त्याच्याच बोटाभोवती. तिसऱ्या गाठीला फुलं देवळाभर घरंगळली. तांब्यातलं कमळ निम्मं मिटलं होतं. बापाची माळ, देवीनं दिलेला कौल, सगळं हातचं जायला आलं होतं.

भागोजी खांबाला टेकून बघत होता. इतकी वर्षं माळ बांधलेले त्याचे हात नुसते वळवळत होते. शेवटी त्याला राहवेना. "अरं, जळला तो दोरा! आन हिकडं," म्हणत तो पुढं झाला आणि फतकल मारून बसला. "तू फुलं दे. देठ माझ्याकडं. तसं नाय, उलटं!" बघता बघता माळ झाली. मधोमध कमळ बसलं, जेमतेम उघडं.

गुरवानं माळ उचलली. "कुनाच्या नावानं घालू?"

गोमाजीनं भागोजीकडं पाहिलं. भागोजी दोऱ्याचं टोक दातानं तोडत होता आणि त्याच्याकडं बघायचं टाळत होता.

"दोघांच्या," गोमाजी म्हणाला.

"दोघांच्या?" रावजीनं बटव्यातून पान काढलं. "एक माळ नि नावं दोन? असं वाडीत कंदी झालं नाय. येचा विचार कराया पायजे. बसा रे समद्यांनी!"

गावकी खाली टेकणार, तोच ते दोघे भाऊ जन्मात पहिल्यांदा एका सुरात ओरडले, "बसू नका! कमळ मिटतंय!"