परबआबांचं नाक

आमच्या चाळीत नवीन राहायला आलेल्या माणसाला पहिले काही दिवस वाटतं, की परबआबा मोटारसायकलींच्या पाया पडतात. रोज संध्याकाळी सातच्या आत आबा खाली उतरणार, जिन्याखाली लावलेल्या प्रत्येक गाडीपुढे कमरेत वाकणार, डोळे मिटणार आणि मान हलवून पुढच्या गाडीकडे जाणार. खरं तर ते पेट्रोलचा वास घेत असतात.

"वास येता!" हा त्यांचा निकाल. तो लागला की गाडीच्या मालकाची सुटका नाही. तो जेवत असो की आंघोळीला बसलेला असो, आबा दारात हजर. "नळी बघून घे. पेट्रोल कोणाचा नसता." हे शेवटचं वाक्य लालबागच्या आमच्या गल्लीत सगळे त्यांच्याच नाकातल्या आवाजात म्हणून दाखवतात. माझी नक्कल त्यातल्या त्यात चांगली मानली जायची.

गंमत म्हणजे आबांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नाही. ते मिलच्या रंगखात्यात होते. कुठल्या पिंपात काय आहे हे झाकण न उघडता सांगायचो, असं ते सांगतात. आजी गेल्या, मुलगा बदलापूरला. "घरात वास घ्यायला काही शिजत नाही, म्हणून गाड्यांचा घेतात," असा विनोद एकदा मीच केला होता. त्यावर सगळे हसले होते. आता तो आठवला की कानशिलं गरम होतात.

जिन्याखालीच दत्ताची तसबीर आहे. तिच्यापुढे तिन्हीसांजेला दिवा लागतो, त्याच्या घराघराच्या पाळ्या आहेत. जिना लाकडाचा. आबा का वाकतात हे कळायला एवढं पुरेसं होतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण मी तेवढा शहाणा नव्हतो.

माझी मोटारसायकल वडिलांची. तीस वर्षांची म्हातारी, पण किक मारली की अजून उठते. सकाळी ती घेऊन मी लोअर परळच्या ऑफिसला जातो आणि साडेसहाला परत आणून दिव्याच्या जवळच लावतो. मधे एक महिना रोज एकच तमाशा व्हायचा. गाडी चाळीतून झोकात निघायची आणि पुलाच्या चढावर मान टाकायची. मागून ओरड, "ओ हीरो, पुलावर फोटो काढतोयस काय?" वाकून बघावं तर टाकीतून पेट्रोल सोडणारा कॉक बंद. तो बंद असला तरी नळीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडी धावते, आणि मग भर रस्त्यात थांबते. त्यातून टाकीतलं पेट्रोलही भराभर उतरत होतं. कोणीतरी माझ्या गाडीला हात लावत होतं, हे नक्की.

एके संध्याकाळी डबा हँडललाच राहिला म्हणून मी परत खाली आलो. बघतो तर आबा माझ्या गाडीपाशी उकिडवे बसलेले आणि हातात पेट्रोलची बाटली.

"आबा, चोरी करता? या वयात?" मी इतक्या जोरात ओरडलो की तिन्ही मजल्यांवरची माणसं कठड्याला आली. आबा उठले. मग बाटली माझ्या हातात दिली. "तुजाच आसा. घे." एवढं म्हणून ते कठडा धरत वर गेले.

दुसऱ्या दिवशी टाकीला कुलूप बसवायला गाडी नाक्यावरच्या मेकॅनिककडे नेली. त्याने पेट्रोलची नळी बोटांनी जरा वाकवली, तर तिला पापडासारख्या चिरा.

"ही गळते. कार्बोरेटरमधली सुईपण झिजलीय. साहेब, कॉक चालू ठेवून उभी केलीत तर खाली थारोळं होणार. लावता कुठे?"

"देवाजवळ. दिव्याच्या बाजूला."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "आणि अजून काही झालं नाही?"

काही झालं नव्हतं, कारण कोणीतरी रोज कॉक बंद करत होतं. घरी येऊन गाडीच्या जागेवर बघितलं, तर भिंतीला लागून एक जुनी स्टीलची वाटी होती आणि तिच्यावर गाळायचं फडकं. ठिबकलेलं पेट्रोल आबा गोळा करायचे, गाळायचे आणि माझ्याच टाकीत परत ओतायचे. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिथेच खाली बसलो.

त्यानंतर आबा खाली उतरले नाहीत. तीन दिवस मी आज जाऊ, उद्या जाऊ करत काढले. चौथ्या दिवशी गॅलरीत कोणी नाही असं बघून गेलो, आत शिरून दार लोटलं आणि खालच्या मानेने म्हणालो, "आबा, चुकलो. पण मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलंय दोनदा. तू कानात ती गाण्यांची बोंडां घालून होतस."

"मग कमिटीला सांगायचं."

"आणि कमिटीन काय केल्यान असता? गाडी रस्त्यार काढूक लावली असती. तुजो बापूस रोज पुसायचो तिका." आबा म्हणाले, "नळी बदललस मां?"

"बदलली. तुम्ही खाली या, आबा. बाकीच्या गाड्या कोण बघणार?"

"नको रे. आता मी वाकलंय की लोक माजे हात बघतले."

आबांनी दाराकडे बघितलं.

"चोर म्हटलंस, तेव्हा सगळी चाळ आयकत होती. आता दार कित्याक लावलंस?"

मी जाऊन दार सताड उघडलं. गॅलरीत तोवर वाळत घातलेले कपडे काढायला बायका आल्या होत्या, शेजारचे सावंत पेपर घेऊन बसले होते. बाहेर उभा राहून म्हणालो, "आबा चोर नाहीत. माझी गाडी गळत होती, ते रोज कॉक बंद करत होते. चूक माझी आहे."

सावंतांनी पेपर खाली केला. मी मागे वळून पाहिलं. आबा खुर्चीत बसून धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. पुसता पुसताच त्यांनी हात हलवला.

"मोठ्यान बोल," ते म्हणाले. "त्या दिवशी तुजो आवाज ह्याच्यापेक्षा मोठो होतो."