गिरणी बंद, मुरलीअण्णा चालू

आमच्या उमापुरातले मुरलीअण्णा गिरणीवाले एकाच विषयावर ओरडून बोलतात, तो म्हणजे पोलिओ. बाजरीचा भाव, जावयाचे प्रताप, सगळं ते तुमच्या-आमच्यासारखंच बोलतात. पण पोलिओचं नाव निघालं की पलीकडच्या आळीतली कुत्री उठतात. त्यांची गिरणी आणि माझं घर यांच्यात एकच भिंत आहे. माझी दुपारची झोप गेली कित्येक वर्षं या पोलिओने नासवली आहे.

गिरणीवाल्याचा आवाज मोठाच असायचा, असं मी आधी मनाला समजावलं. पण वीज गेलेली असते, पट्टा थांबलेला असतो, गल्ली चिडीचूप असते, तरी अण्णा समोरच्या माणसावर ओरडतच असतात.

अण्णांचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. गुडघ्यावर हात दाबत चालतात. गिऱ्हाइकाच्या कडेवर पोर दिसलं की दळणाआधी चौकशी, "डोस पाजला का?"

परवा एक बाई म्हणाली, "पोलिओ तर गेला म्हणत्यात, अण्णा. आता कावून पाजायचा?"

"गेला? कोणत्या यष्टीनं गेला? तू बसवून दिलास का?" अण्णांनी डबा आदळला. "आगं, त्यो पोटात ऱ्हातो. शौचातून बाहीर पडतो, पाण्यातून, हातातून दुसऱ्याच्या तोंडात जातो. ज्या पोराला काईच झालं न्हाई, त्येबी वाटत फिरतं. लई जणांना कळतबी न्हाई, कुणाला नुसता ताप. एखाद्याचीच मान आखडते, हातपाय ठणकतात आन् पाय लुळा पडतो. चिमटा कळतो, पर पाय उचलत न्हाई. मग औषध न्हाई. आन् नीट ऐक, गार पाण्यानं आंघूळ घातली म्हणून हे होत न्हाई."

आंघोळीचं त्या बाईने विचारलंच नव्हतं. डोळ्यावरची झोप उडालेला मी तावातावाने भांडायला गेलो.

बाई निघून गेली होती. अण्णांचं तोंड मात्र अजून आतल्या दाराकडे होतं. उंबऱ्यात त्यांची म्हातारी आई, काशीआक्का, ज्वारी निवडत बसली होती.

"आई कानानं अधू हाय," अण्णा माझ्याशी अगदी हळू बोलले. "आमी माजलगावकडं ऊसतोडीला गेलतो. मला ताप भरला, तिनं पाचटाच्या कोपीतच गार पाण्यानं आंघूळ घातली. सकाळी पाय उठंना. आईनंच पाय घालवला म्हणले सगळे. तिला तोंडावर समजावलं की उठून जाती. दुसऱ्याला सांगताना बसून ऐकती."

मला संताप आला, पण आता अण्णांचा नाही. तापलेलं पोर निवावं म्हणून आईने पाणी घातलं, तर तिला जन्माची शिक्षा. आणि ती देणारे सगळे सुखाने म्हातारे होऊन मेले.

अण्णांचं मघाचं ओरडणं आक्कांच्या डोक्यात अजून घोळत असावं; त्यांचा हात सुपात थांबला. "पर पाणी लई गार व्हतं रं, मुरली," त्या म्हणाल्या.

अण्णांनी गुडघा दाबला आणि माझ्याकडे वळून आवाज चढवला, "तुमच्या नातीला डोस पाजला का?"

नातीचे सगळे डोस झालेले आहेत, हे अण्णांनाही ठाऊक आहे. मी घशाच्या शिरा ताणून म्हणालो, "न्हाई पाजला. हा पोलिओ होतो तरी कशानं, अण्णा? पहिल्यापासून सांगा."