आक्कांसकट अलाइनमेंट

"स्टेअरिंग सोडा बघू," पद्मावतीबाई म्हणाल्या.

"हायवेवर? याड लागलंय का तुला?"

"दोन सेकंद सोडा. मला बघायचंय."

भूपालरावांनी दोन्ही हात जेमतेम चार बोटं वर उचलले. गाडीने क्षणभर विचार केला आणि ती कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीकडे निघाली. त्यांनी घाईने स्टेअरिंग उजवीकडे ओढलं. मागे कपाट उघडून ताटं खाली आली, आणि गाडी बराच वेळ डावी-उजवीकडे डुलत राहिली.

"बघितलंत?"

"वाऱ्यानं झालं असंल."

"शेताकडं बघा. उसाचं पान तरी हलतंय का? गाडी डावीकडं ओढतेय. सकाळी साताऱ्याला जाताना सांगितलं, आता कऱ्हाड आलं तरी तेच सांगतेय. पण माझं ऐकायचं कुणी?"

भूपाल मगदूम सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी. त्यांनी शाळेची जुनी मिनीबस विकत घेऊन तिचं मोटरहोम करून घेतलं होतं. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, एवढीशी मोरीसुद्धा. पद्मावतीबाई एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून मे महिन्यात निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी दरवर्षी एकाच मळक्या तक्त्यावर मुलांना लोणारचं विवर दाखवलं होतं. आता ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. पंधरा दिवस, आणि फक्त दोघांनी.

या 'फक्त दोघांनी'त सगळी मेख होती. भूपालरावांच्या थोरल्या बहीण सुंदरीआक्का कमी वयात विधवा झाल्या आणि माहेरी परत आल्या. तेव्हापासून चौतीस वर्षांत हे जोडपं आक्कांशिवाय कुठेही गेलं नव्हतं. लग्नानंतर महाबळेश्वरला गेले तेव्हाही आक्का होत्या. तिथल्या फोटोत त्या मधोमध उभ्या आहेत. या वेळी भूपालराव आक्कांबद्दल काही बोलले नव्हते, आणि पद्मावतीबाईंनी विचारलं नव्हतं. विचारलं की "येऊ दे की" हे उत्तर येणार, याची त्यांना खात्री होती.

दुसऱ्या दिवशी गाडी कुपवाडला ज्ञानूच्या गॅरेजमध्ये गेली. ज्ञानूने चाकांना मापाचे आरसे लावले, कॉम्प्युटरवर अलाइनमेंट केली आणि सगळे आकडे हिरवे झाल्याचा कागद भूपालरावांच्या हातात दिला. घरी येऊन सामान भरलं, आणि गाडी पुन्हा डावीकडे ओढायला लागली. पद्मावतीबाई तशाच, सामान आणि भूपालरावांसकट गाडी घेऊन, परत गेल्या. पर्समध्ये शिवणाची टेप होती.

"शेठ, म्याडमना सांगा, कंपूटर खोटं बोलत न्हाई," ज्ञानू म्हणाला.

"शेठना काय सांगतोस? मी इथं उभी आहे." पद्मावतीबाई खाली बसल्या आणि चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंत टेप धरली. "उजवीकडं अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. आता इकडं ये. साडेत्र्याहत्तर. टाकी डावीकडं, शेगडी डावीकडं, सिलिंडर डावीकडं. गाडी भरली की हे अंग साडेचार सेंटिमीटर खाली बसतं. बसलं की चाकांचा कोन बदलतो. तू माप घेतलंस रिकाम्या गाडीचं. आम्ही काय गाडी रिकामी फिरवणार आहोत?"

ज्ञानूने डोकं खाजवलं. "मग काय करायचं म्हंता, शेठ?"

"माझ्याकडं बघून विचार!"

ज्ञानू बाईंच्या चपलांकडे बघू लागला. तेवढी प्रगती झाली.

"डाव्या बाजूला स्प्रिंगचा एक पाटा वाढव. शॉकअप चारही बदल. गाडी डुलू नये म्हणून खालनं आडवी दांडी टाक. आणि शेवटचं माप गाडी भरून घ्यायचं. प्रवासाला जशी जाणार, अगदी तशी. चमचासुद्धा जागेवर पाहिजे. कळलं?"

"व्हय," ज्ञानू चपलांना म्हणाला.

काम चार दिवस चाललं. शुक्रवारी शेवटचं माप होतं. शनिवारी पहाटे निघायचं होतं. भूपालराव सकाळीच गाडी घरी आणून भरून पुन्हा कुपवाडला घेऊन गेले. बँकेतलं काम उरकून पद्मावतीबाई स्कूटीवरून मागाहून पोचल्या. कारखान्यांची पाळी सुटली होती. घरी निघालेले कामगार ज्ञानूच्या दारात आपल्या दुचाक्या हळू करून आत बघत होते.

गाडीच्या डाव्या खिडकीत सुंदरीआक्का बसल्या होत्या. हातात जपमाळ होती. शेजारी घरच्या विहिरीच्या पाण्याचे दोन मोठे कॅन होते, तोंडाला पांढरं गाळणं बांधलेले. पायाशी दगडी जातं. आक्का जैन धर्माचे नेम कडक पाळत; नळाचं पाणी पीत नसत, आणि सात दिवसांवरचं पीठ त्यांना हिवाळ्यातसुद्धा चालत नसे. म्हणजे एवढं सामान पंधरा दिवसांचंच होतं.

पद्मावतीबाईंची कानशिलं तापली. "ह्या इथं काय करतायत?"

"तूच म्हणालीस की," भूपालराव म्हणाले. "जाताना जशी असंल तशी भरा."

म्हणजे ठरलं होतं तर. भावा-बहिणीचं ठरलं होतं आणि बायकोला सांगायची कुणाला गरज वाटली नव्हती. शंका आली की लगेच विचारा, असं त्यांनी एकतीस वर्षं वर्गात सांगितलं होतं. आता एक प्रश्न विचारला असता तर चाललं असतं. पण राग इतका आला होता, की विचारणं त्यांना अपमानाचं वाटलं.

ज्ञानू चाचरत पुढे आला. "म्याडम, आज्जी जरा खाली उतरल्या असत्या तर..."

"का उतरतील? त्या येणार आहेत ना? मग त्यांच्यासकट सेट कर! जातं, पाणी, आक्का, सगळ्यांसकट!"

शेजारच्या शेडमधलं लेथ मशीन बंद झालं. तिथली माणसंही बघायला आली.

जप थांबवून आक्का म्हणाल्या, "हलू नगो म्हंता का? न्हाई हलत. तू कर रं बाबा तुझं."

आणि खरोखरच त्या दीड तास हलल्या नाहीत. ज्ञानूने पाट्यांची उंची जुळवली, चाकं सरळ केली, दांडीचे बोल्ट आवळले. पद्मावतीबाईंनी टेप धरली. उजवीकडे अठ्ठ्याहत्तर, डावीकडे अठ्ठ्याहत्तर. माधवनगरच्या रस्त्यावर चाचणी घेतली तेव्हा गाडी दोरी धरल्यासारखी गेली. मोठा ट्रक शेजारून गेला तरी डुलली नाही. इतक्या रागातही पद्मावतीबाईंना बरं वाटलं.

तेवढ्यात मागून आक्का म्हणाल्या, "भूपाल, खंडाळ्याला मला कवापतूर पोचवशील रं? क्रांती म्हणाली, दुपारचं जेवाण तयार ठेवती."

"खंडाळ्याला?" पद्मावतीबाईंनी मागे वळून विचारलं.

"आगं, माझ्या लेकीकडं, साताऱ्याफुडच्या खंडाळ्यात. पंधरा दिस ऱ्हाती तितं. तिच्याकडं नळाचं पाणी, म्हणून हिरीचं घेतलंय. मीच भूपालला म्हणलं, एकदा तरी तुमी दोघंच जावा. मला खंडाळ्यात सोडा, सामान उतरवा आन फुडं जावा खुशाल."

साधारण शंभर मीटर पद्मावतीबाई फार सुखात होत्या. मग त्यांना जातं आठवलं. दोन कॅन आठवले. आणि स्वतः आक्का.

"गाडी वळवा," त्या म्हणाल्या. "परत ज्ञानूकडं."

गॅरेजच्या दारात आक्कांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. चौघांनी मिळून जातं उतरवलं, कॅन उतरवले. डावी बाजू दीड सेंटिमीटर वर आली. भूपालराव रिकाम्या बाकानिशी एक फेरी मारून आले तेव्हा त्यांच्या कपाळाला घाम होता.

"आता उजवीकडं वडती की गं! समोरनं येणाऱ्या टेम्पोवरच निघाली हुती."

"खंडाळ्याच्या पुढं सगळा रस्ता अशीच जाणार," पद्मावतीबाई म्हणाल्या. "ज्ञानू, परत सेट कर."

"तुमीच म्हणालासा की, आज्जींसकट." ज्ञानूची नजर या वेळी त्यांच्या पदरापर्यंत पोचली होती. "पाटा काढायचा, परत उंची, परत अलाइमेंट. तीन दिस लागत्यात. आन मी उद्या इट्याला चाललोय, भाचीचं लगीन हाय. आठ दिसांनी या."

"आठ दिसांनी न्हाई जमायचं," भूपालराव म्हणाले. "मग परत येईपतूर नवी हळद येती. एकदा यार्ड सुरू झालं की जूनपतूर मला हालता येत न्हाई."

पद्मावतीबाई गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या. त्यांनी टेप गुंडाळली, पुन्हा उलगडली. आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"वाळू! खंडाळ्यात तेवढ्याच वजनाची वाळूची पोती ठेवू डाव्या बाकावर. सोपं आहे. जातं चाळीस किलो धरा, पाणी शंभर. आक्का, तुमचं वजन किती?"

लेथवाले एकमेकांकडे बघायला लागले.

"माझ्या जागी वाळू?" आक्का म्हणाल्या.

"तसं नाही, फक्त वजनापुरतं..."

"चौतीस वर्सं तुझ्या घरात ऱ्हायले. पोरं सांभाळली. आन शेवटाला माझी किंमत पोत्याएवढी?" आक्कांनी पदर डोळ्यांना लावला.

भूपालराव बुटांकडे बघत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ज्ञानूने मात्र मान वर करून थेट म्याडमच्या डोळ्यांत बघितलं.

"आक्का, रडू नका," पद्मावतीबाई म्हणाल्या. मग दातांवर दात ठेवून, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "तुम्हीच चला ना."

"कुटं?"

"लोणारला. आमच्याबरोबर. शेवटपर्यंत."

"नगं गं. तुमी दोघंच जावा म्हणलं हुतं मी."

"नाही, चलाच."

"क्रांती वाट बघंल."

"तिला मी फोन करते. आक्का, तुमच्याशिवाय जमणार नाही." हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर होतं.

आक्कांनी डोळे पुसले. "यवढ्या मायेनं मला आजवर कुणी बलावलं न्हवतं बघ. जातं चढवा रं परत!"

घरी जाताना गाडी मुंगीएवढीही इकडची तिकडे झाली नाही. आक्का बाकावर ऐसपैस बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "काय हाय गं बघायला तितं?"

"खड्डा," पद्मावतीबाई म्हणाल्या.

"केवढा?"

"पावणेदोन किलोमीटर रुंद."

"आगं बया! कुणी खणला?"

"कुणी नाही. वरनं दगड पडला."

"आई आई आई! कुणाच्या डोस्क्यात?"

पद्मावतीबाई समोर बघत होत्या.

"माझ्या," त्या म्हणाल्या.