आधी पुंजाजी बसणार

पुंजाजीनं दुरुस्त केलेल्या खुर्चीत सगळ्यात आधी पुंजाजी बसायचा. मालक समोर उभा पाहिजे, आणि हॉटेलातून आलेला चहा संपेपर्यंत पुंजाजी उठणार नाही. वाशीमचे डॉक्टर, वकील, कचेरीतले साहेब, सगळ्यांना हा एकच कायदा. बरं, बसायचाही अर्ध्याच खुर्चीत. एस.टी.त कुणासाठी जागा धरावी तसा एका कडेला सरकून. मला वाटायचं, एकेका बाजूची शिवण तपासत असेल.

मी मूळचा सावंतवाडीकडचा. सहावीत शाळा सुटली, शिलाई शिकलो आणि रेल्वेतल्या मामांच्या मागे वाशीमला आलो. बहात्तरच्या दुष्काळानंतर मामांची बदली झाली. मी आणि शिलाई मशीन मागे राहिलो. पुंजाजीनं स्टेशन रस्त्यावरच्या आपल्या भाड्याच्या खोलीतली अर्धी जागा मला दिली. भाडं किती, म्हणून मी घाबरत विचारलं, तर म्हणाला, "पहिले बस तं खरा, कोकन्या!" माझ्या स्टुलाची फाटकी बैठक त्यानं त्याच दिवशी शिवली. त्या एका बैठकीवर मात्र तो आधी बसला नाही.

चामड्याला चोळायच्या त्याच्या जवसाच्या तेलाचा वास मी शिवलेल्या कपड्यांना लागायचा. एका नवरदेवाला भर मांडवात कुणी विचारलं म्हणे, "घानीवरून आले काय जी?" पण तक्रार कुठल्या तोंडानं करणार? जागा त्याची.

रेक्झिन तेव्हा नवीन निघालं होतं. "जुनं फाडून टाका, रेक्झिन लावा," असं गिऱ्हाईक म्हणालं की पुंजाजी हाताची घडी घालायचा.

"काहून? फाटलं म्हंजे मेलं काय? आन् हे रेक्झिन कोन्या जनावराचं कातडं हाय? त्याची माय दाखवा, मंग लावतो."

खुर्ची आली की तो आधी तिच्याभोवती फिरायचा, वास घ्यायचा. "वकिलाची हाय. पाय ना, उजवा हात कसा झिजला! पक्षकार उजवीकडं बसवते अन् तिकडंच झुकते." वकीलसाहेब शेजारी उभे राहून कोट सावरायचे.

छप्पन सालच्या धर्मांतरानंतर शेलूबाजारच्या पुंजाजीच्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. "ओढनं सोडलं, सुई नाही सोडली," असं तो ऐटीत सांगायचा. सुई त्याची स्वतःची, रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या गाद्या शिवताना हाती घेतलेली.

एके दिवशी जीपमधून एक आरामखुर्ची उतरली. मागोमाग तात्यासाहेब. शेलूबाजारचे बडे जमीनदार आणि आमच्या खोलीचे मालक. खुर्ची त्यांच्या वडलांची. चामडं तडकलेलं, आतले घोड्याचे केस बाहेर आलेले. पोरं नवा सोफा आणा म्हणत होती, म्हातारी आई ऐकत नव्हती.

पुंजाजी त्या खुर्चीभोवती फिरला नाही. वासही घेतला नाही. वीस दिवस मान खाली घालून काम केलं. केस रिठ्यानं धुऊन उन्हात वाळवले, तडकलेल्या जागी आतून ठिगळं दिली, तेल-मेण पाजलं. बैठकीतला खड्डा मात्र तसाच ठेवला. "हा मानसाचा खड्डा हाय, भरत नसते," म्हणाला.

तात्यासाहेब न्यायला आले. पुंजाजीनं चहा सांगितला.

"पुंज्या, या खुर्चीत माहे वडील सोडून कोनी बसलं नाही. मी बी नाही."

"मंग मी बसल्याबिगर हे हालत नाही."

"खोली माही हाय, ध्यानात ठेव. आठ दिवसांत खाली कर!"

जीप रिकामी गेली. "पुंजाजी, एवढी एक खेप सोडा," मी हात जोडले, "आपण जायचं कुठं?"

"तुले भेव वाटते तं तुई मशीन उचल. मी उठत नाही."

मी खरंच मशीन दोरीनं बांधून ठेवली. लाज वाटत होती, पण बांधली. आठ दिवस खुर्ची आमच्या दोघांच्या मधे. माझी मती फिरली आणि मी सुचवलं, "दार लावतो. गुपचूप बसून घ्या, आणि देऊन टाका."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाच दोऱ्याची रिळं लावत बसलो. "चोरून बसाचं असतं तं वीस दिवस कोनी हात बांधले होते माहे?"

आठव्या दिवशी तात्यासाहेब एकटेच आले. उंबऱ्यातच थांबले.

"माय जेवून नाही राह्यली," ते म्हणाले. "म्हनते, त्यात कोन बसते ते मले नोको सांगू, माही खुर्ची आन." मग हॉटेलाकडे तोंड करून स्वतःच ओरडले, "एक चहा!" आणि हळूच म्हणाले, "बस, पुंजाजी."

पुंजाजी बसला. नेहमीसारखाच, कडेला. आरामखुर्ची ती, त्या मोठ्या खड्ड्यात तो घसरत होता, तरी हात टेकून अर्धी जागा मोकळी ठेवत होता.

"अरे, नीट बस ना आता," तात्यासाहेब म्हणाले. "आंग कायले चोरतं?"

"बाप संगं हाय," पुंजाजी म्हणाला. "तुमच्या आंगनात या खुर्चीसमोर जलमभर उभा राह्यला. त्याले थोडी जागा लागते."

तात्यासाहेब चहा संपेपर्यंत उभे राहिले.

खुर्ची जीपमधे चढली, धूळ खाली बसली. पुंजाजीनं माझ्या मशीनकडे बोट केलं. "सोड तिले."

मीच आवळून बांधलेली गाठ दातानं सोडवली.