फिलूमावशींची तिसरी घंटा

आयुष्यात मला नाटकात एकदाच काम मिळालं. प्रेताचं. आणि त्यात मी घोरलो.

हे काम मला देणाऱ्या फिलूमावशी म्हणजे आमच्या शेजारीण. सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांच्या आणि आमच्या बेडरूममध्ये एकच भिंत आहे. मावशी मूळच्या उत्तनच्या. नवरा इनास मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे कप्तान, होता. तो गेला, बोट विकली, आणि जहाजावर नोकरी करणाऱ्या मुलाने आईला समुद्रावरून उचलून इथे चौथ्या मजल्यावर आणून ठेवलं. स्वतः तो कायम पाण्यात.

मावशी आमच्याकडे आल्या की बेल तीनदा वाजते. पहिल्यांदा वाजली की उघडायचं नाही. ती पहिली घंटा. मग त्या पॅसेजमध्ये शांत उभ्या राहतात. दुसरी घंटा. पुन्हा शांतता. तिसरी झाली की मगच दार. एकदा मी घाईत पहिल्याच बेलला दार उघडलं. पडद्यातून डोकं बाहेर काढणाऱ्या हौशी नटाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं, "अजून पहिलीच हाय," म्हणाल्या आणि माझंच दार माझ्या तोंडावर ओढून घेतलं. आत गॅसवर दूध उतू चाललं होतं आणि मी दाराला नाक लावून तिसऱ्या घंटेची वाट बघत होतो.

या सगळ्याला कारण एका कॉलेजचा ऑनलाइन कोर्स. आईचा वेळ जावा म्हणून मुलाने लॅपटॉप घेऊन दिला आणि फोनवर पर्याय वाचून दाखवले: योगासनं, केक, नाट्यकलेची तोंडओळख. मावशींनी नाटक म्हटलं. का, ते त्यांनी माझ्या बायकोला, नीताला, सांगितलं. गावात सणाला नाटक व्हायचं आणि बायकांची कामं पुरुषच करायचे. "माझं लुगडं नेसून इनास राणी झाला. आणि मी? विंगेत चहा गाळत बसले. आता माझी एन्ट्री हाय."

क्लास आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी. बाकीची मुलं नातवंडांच्या वयाची. मावशी लॅपटॉप ओट्यावर ठेवून, समोर बोंबील साफ करत नाटक शिकतात. शिकलेलं त्या कपाटात ठेवत नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी वापरायला काढतात. सरांनी शिकवलं की संवादापेक्षा पॉज मोठा असतो. मावशींनी तो भाजीवाल्यावर करून पाहिला. त्याने भाव सांगितला, मावशी त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. तो "आंटी, कुछ तो बोलो" म्हणत भाव उतरवत गेला आणि शेवटी कोथिंबीर फुकट देऊन सुटला. मी दुसऱ्या दिवशी तोच पॉज घेतला. त्याने विचारलं, "अंकल, तबियत ठीक है ना?"

सरांनी असंही शिकवलं की रंगमंचावर कुणी उगाच येत नाही, एन्ट्रीला कारण लागतं. तेव्हापासून वॉचमन असो, सोसायटीचे सेक्रेटरी असोत, दारात आलेल्या प्रत्येकाला मावशी विचारतात, "तुमच्या एन्ट्रीला कारण काय?" गच्चीवर बोंबील वाळत घालू नका, हे सांगायला आलेले सेक्रेटरी या एका प्रश्नाने इतके गोंधळले की दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा देऊन परत गेले.

असं सगळं रंगात आलेलं असताना मावशी नापास झाल्या.

शेवटची परीक्षा स्वगताची होती. जो उत्तर देऊ शकत नाही अशा कुणाशी तरी बोलायचं आणि त्याचं रेकॉर्डिंग पाठवायचं. मावशींनी मेलेला नवरा निवडला, समोर उशी ठेवली आणि 'हे प्राणनाथा, मज एकटीला सोडूनी' असं सुरू केलं. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "मावशी, हे भाषण झालं. तुम्ही बोलताय कुणाशी?" आणखी एक संधी दिली. रविवारपर्यंत पाठवायचं, नाहीतर कोर्स संपला.

दोन दिवस आमची बेल वाजली नाही. तिसऱ्या दिवशी रीतसर तीनदा वाजली. मावशी म्हणाल्या, उशीशी बोलवत नाही, माणूस पाहिजे. इथे मी तोंड उघडलं. कॉलेजात नाटकं गाजवली होती, असं सांगितलं. वास्तविक मी पडद्याची दोरी ओढायचो आणि तीही एकदा अडकवून ठेवली होती. मावशींनी मला नीट न्याहाळलं.

"बरं हाय. तुमच्या तोंडावर कायच दिसत न्हाय. मयताला तेच लागतं."

"घरी रोज तालीम असते त्यांची," नीता म्हणाली.

रविवारी दुपारी शूटिंग ठरलं. मावशींनी आधी आम्हाला जेवायला घातलं. सुरमईचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. प्रेताला पोटभर जेवू घालणं ही दिग्दर्शनातली चूक होती, पण मी चौथी भाकरी घेतली ही माझी. मग मला दिवाणावर झोपवलं, छातीपर्यंत पांढरी चादर ओढली, हात जुळवून वर जपमाळ ठेवली. वर पंखा. नीताने मोबाइल धरला. मावशींनी 'हे प्राणनाथा' सुरू केलं, आणि प्राणनाथाला ढकलगाडीवर ठेवून कुणीतरी लांब नेऊ लागलं.

बरगडीत कोपर बसलं तेव्हा मी जागा झालो.

"कूस बदल," कानाशी आवाज आला. लग्न झालेल्या माणसाने झोपेत करायचं ते मी केलं. मुकाट्याने भिंतीकडे वळलो. वळल्यावर कळलं की मी मेलेलो आहे.

मग मी श्वास धरून पडून राहिलो. नीता हसेल, मावशी ओरडतील, असं वाटलं. कुणीच काही बोललं नाही. नुसता पंखा. तो पॉज भाजीवाल्यावर घेतलेल्या पॉजसारखा नव्हता. मग दिवाणाच्या कडेला मावशी बसल्याचं जाणवलं आणि त्या बोलायला लागल्या. प्राणनाथ गेला होता. आवाज रोजचा, घरातला, जरा चिडका.

"किती घोरतोस रे. किती वर्षं सांगते, कूस बदल, मना झोपू दे. हॉस्पिटलातपण घोरत होतास. म्हटलं, झोपलाय, तोवर घरी जाऊन पेज घेऊन येते. तेवढ्यात गेलास. पेज गरम होती रे. डबा परत आणला मी. कुणाला देऊ ते कळंना."

चादर माझ्या खांद्यावर नीट झाली.

"आता मुलाने चांगला पलंग दिलाय. आवाज न्हाय, काय न्हाय. मना झोप येत न्हाय."

माझं तोंड भिंतीकडे होतं ते बरं झालं. तोंडावर काही दिसत नाही म्हणून मला घेतलं होतं, आणि तेव्हा सगळं दिसत होतं.

रेकॉर्डिंग थांबलं. मी उठून माफी मागितली, पुन्हा करू म्हटलं, या वेळी उपाशी मरतो म्हटलं. मावशींनी जपमाळ उचलून ठेवली, "दुसरा प्रयोग न्हाय," म्हणाल्या आणि तेच पाठवलं.

पुढच्या क्लासला आम्हाला ओट्यासमोर स्टुलांवर बसवलं होतं. सरांनी ते स्वगत सगळ्यांना दाखवलं. मी घोरलो तेव्हा पोरं हसली. संपलं तेव्हा स्क्रीनवरचा एकही चौकोन हलत नव्हता. सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "मावशी, आज तुम्ही बोललात. पास." मग तो परत चढवून म्हणाले, "प्रेताला मात्र मी मार्क देऊ शकत नाही."

मावशी खूश होत्या. मुलाला फोन करून झाला, आम्हाला केक मिळाला. निघताना मला त्यांनी दारात थांबवलं आणि भलतंच विचारलं. तुमचा पलंग कुठल्या भिंतीला हाय? मी म्हटलं, खिडकीकडे. त्या बरं म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मला काही कळलं नाही. नीताला कळलं. घरी येऊन तिने पदर खोचला आणि पलंगाचं एक टोक धरलं. आम्ही तो ढकलत ढकलत मावशींच्या भिंतीला नेऊन टेकवला. लादीवर चार ओरखडे उठले, त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. "आज पाठीवरच झोपा," एवढंच म्हणाली.

सकाळी मी जाऊन मावशींची बेल वाजवली. थांबलो. दुसरी. थांबलो. तिसरीला दार उघडलं.

"एन्ट्रीला कारण?"

"आवाज आला का, ते विचारायला आलो."

मावशींच्या गालावर उशीचा वळ होता. केस विसकटलेले. बऱ्याच दिवसांनी झोप झालेल्या माणसाचं तोंड.

"आला," त्या म्हणाल्या. "पण इनास सुरात घोरायचा. तुम्हाला तालमीची गरज हाय."